पाळणा थांबेपर्यंत

वडिलांनी चमचा उचलला, सुपात बुडवला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच परत वाडग्यात ठेवला. समोर बसलेल्या तिला छातीत कुणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं, कारण आज ते जेवणार होते. आज ते जेवणारच असं तिने ठरवलं होतं, आणि तिने ठरवलेलं सहसा होत असे. घरी नाही तरी शाळेत होत असे. हे खिडकीशेजारचं टेबल काही नशिबाने मिळालेलं नव्हतं. थीम पार्कातल्या सगळ्या हॉटेलांचे नकाशे फोनवर पालथे घालून, कुठल्या टेबलावरून काय दिसतं याचे अनोळखी लोकांनी टाकलेले फोटो मोठे करकरून बघून तिने ते धरून ठेवलं होतं. खिडकीतून आकाशपाळणा अख्खा दिसत होता, खालच्या चौथऱ्यापासून पार वरच्या टोकापर्यंत, मध्ये एक झाडसुद्धा आड येत नव्हतं. ज्या माणसाने उभं आयुष्य आकाशपाळणा चालवला त्याला पाळण्यासमोर नेऊन बसवलं की त्याची गेलेली भूक परत येईल, असा तिचा साधा हिशोब होता. आणि आता वडील दोन्ही हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होते, आणि सुपावरची वाफ कमी कमी होत चालली होती.

शाळेत तिला वेळापत्रकवाल्या बाई म्हणत. शिकवायची ती भूगोल, पण ते कुणाच्या लक्षात नसे. दरवर्षी सुट्टी संपायच्या आधी ती स्टाफरूममधल्या मोठ्या टेबलावर रंगीत चिठ्ठ्या मांडून बसे, आणि एकेक जण चहाच्या निमित्ताने येऊन कानाशी लागे. गणिताच्या सरांना जेवणानंतरचा तास नको, कारण मुलं पेंगतात. खेळाच्या सरांना जेवणानंतरचा तास नको, कारण मुलं ओकतात. चित्रकलेच्या बाईंना सकाळचा पहिला नको, कारण त्या स्वतःच पेंगतात. सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी ती आपलंच खरं करायची, आणि तरी प्रत्येकाला वाटायचं की बाईंनी आपला शब्द राखला. त्याच चिठ्ठ्या तिने या सहलीसाठी घरच्या टेबलावर पसरल्या तेव्हा नवरा म्हणाला होता, "सहलीला निघालोय की वार्षिक परीक्षेला?" थीम पार्क म्हणजे तरी दुसरं काय? लोंढ्याने येणारी माणसं, मोजक्या राइड, त्याहून मोजकी टेबलं, आणि प्रत्येकाचं आपापलं पोट. राइडची वेळ फोनवर धरायची, ती हुकली की गेली, टेबलाचं तसंच. उलटंपालटं करणारी राइड भरल्या पोटी चालत नाही, आणि रिकाम्या पोटी लेकीची चिडचिड सुरू होते, आणि लेकीची सुरू झाली की नवऱ्याची होते. म्हणून नागमोडी रुळांवरून सुसाट सुटणारी गाडी सकाळी, न्याहारी जिरल्यावर. पाण्यात आपटणारी होडी त्यानंतर, म्हणजे जेवणापर्यंत कपडे वाळतील. मग जेवण; चौघांनी, एका टेबलावर, निवांत. आणि जेवणानंतर आकाशपाळणा, कारण तो इतका सावकाश फिरतो की कुणाच्या पोटातलं पाणी हलत नाही. शेवटची चिठ्ठी जागेवर बसली तेव्हा तिला लहान मुलीसारखा आनंद झाला होता. तिने नवऱ्याला हाक मारून सगळं परत वाचून दाखवलं होतं, आणि त्याने जांभई दाबत ऐकलंही होतं.

आणि सकाळीच ती नागमोडी गाडी थांबवली गेली. काही बिघडलं नव्हतं, नुसती तपासणी. पण गाडीची वेळ पुढे सरकली तशी होडीची पुढे सरकली, होडी सरकली तसं सगळंच सरकलं. हॉटेलच्या दारात उभं असताना फोन थरथरला आणि त्याने मोठ्या अदबीने कळवलं की तुमची आकाशपाळण्याची वेळ बदलली आहे. ती अलीकडे येऊन आता बरोब्बर जेवणाच्या वेळेवर बसली होती. नंतरच्या सगळ्या वेळा गेलेल्या. लेकीचं तोंड एवढंसं झालं. वर्षानुवर्षं ज्या बाईने एका खोलीत दोन वर्ग येऊ दिले नव्हते, तिच्या हातात तो फोन, आणि मागे रांगेतली माणसं खाकरायला लागलेली. शेवटी नवऱ्यानेच तोडगा काढला. "तुम्ही दोघं सुरू करा ना. आम्ही गेलो आणि आलो." तिने काही म्हणायच्या आत लेक आजोबांच्या बाहीला लोंबकळलीसुद्धा. "आजोबा, खिडकीतून बघा हं, मी वरून हात करीन!" आजोबांनी मान हलवली. मग ते दोघे निघून गेले, आणि चौघांच्या टेबलावर दोन माणसं आणि दोन रिकाम्या खुर्च्या उरल्या. चष्मा कपाळावर सरकवलेल्या, वयस्क वेटरने विचारलं, बाकीचे येईपर्यंत थांबायचं का. ती म्हणाली, "नको, वाढा." आपला आवाज जरुरीपेक्षा चढला, हे तिचं तिलाच कळलं.

आई गेल्यापासून वडील तिच्याकडे असत. म्हणजे तिनेच त्यांना आणलं होतं, त्यांचं सामान दोन बॅगांत बसलं होतं, आणि ते कसलीही कुरकुर न करता मागच्या खोलीत राहायला लागले होते. त्यांचा त्रास कसला तो नव्हताच. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचे, स्वतःची चादर स्वतः घडी करायचे, बिजागरी कुरकुरली की तेल घालायचे. घरातलं एकही दार आता वाजत नव्हतं. फक्त जेवत नव्हते. टेबलावर वेळेवर येऊन बसायचे, ताटाकडे बघायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि थोडं थांबायचे. ते थांबणं तिला आधी आठवणीचं वाटलं, मग दुःखाचं वाटलं, मग त्याचा राग यायला लागला, आणि आपल्याला राग येतो याची लाज. मग ते दोनचार घास खायचे आणि म्हणायचे, "पुरे." तिने मऊ करून बघितलं, कुरकुरीत करून बघितलं, लहान ताटली आणली, टीव्ही लावून बघितला, बंद करून बघितला. लेकीने आजोबांशी शर्यत लावून बघितली. ती शर्यत दर वेळी लेकच जिंकली आणि तिचं वजन मात्र वाढलं. वडिलांच्या पट्ट्याला नवऱ्याने खिळा तापवून नवीन भोक पाडून दिलं, मग आणखी एक. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही. दुसऱ्या खेपेला तेच म्हणाले. गेल्या खेपेला त्यांनी काट्याकडे बघितलं, तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की यापुढे आणखी वजन उतरलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. पुढच्या आठवड्यात परत आणा, मग ठरवू. दूरच्या शहरातला भाऊ फोनवर म्हणाला, "डॉक्टर सांगतात तर घालू दे ना नळी, तू कशाला अंगावर घेतेस?" त्याला काय सांगणार होती? डॉक्टरांनी आवाज हळू केला खरा, पण पडद्याच्या अलीकडे वडील शर्टाची बटणं लावत उभे होते, आणि एक बटण लावता लावता त्यांचा हात मध्येच थांबला होता, तो तिने बघितला होता. तो हात तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

"बाबा, गार होतंय."

"हं."

"मीठ कमी आहे का?"

"नाही. बरं आहे."

"चाखलंत कुठे तुम्ही?"

ते जरा हसले. चोरी पकडली गेल्यावर हसावं तसं. मग हनुवटीने खिडकीकडे खूण करून म्हणाले, "एकाच बाजूने भरतात इथे. येईल तो बसला, येईल तो बसला. चालतं म्हणे आता. मशीन सांभाळून घेतं."

त्यांना तसं भरणं चालत नसे. त्यांची बाग काही थीम पार्क नव्हती. पाळणा, घोड्यांचं चक्र, लहान मुलांची आगगाडी आणि नेम मारून फुगे फोडायचं एक दुकान, एवढाच तिचा पसारा. पण पाळणा उंच होता, गावातल्या कुठल्याही गच्चीहून उंच, आणि तो वडिलांचा होता. मालक कुणी वेगळाच होता, तो कधीमधी गाडीतून यायचा. तरी पाळणा वडिलांचाच. रांगेतल्या माणसावर एक नजर टाकली की त्यांना त्याचं वजन कळायचं, आणि एक जाडजूड गृहस्थ खाली बसवला की ते चाक अर्धं फिरवून बरोबर त्याच्या समोर तेवढ्याच वजनाची माणसं चढवायचे. कधी एखादं जोडपं, कधी भावंडांची अख्खी पलटण. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरी पाहुणे आले तरी ते तशीच माणसं बसवायचे. एकदा मोठ्या आत्याला त्यांनी अगदी सहज सांगितलं, "तू इकडे बस, तुझ्यासमोर कुणी नाही." आत्या पुढे कितीतरी महिने त्यांच्याशी बोलली नव्हती. आई मात्र हसून हसून स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. ती तेव्हा लहान होती, तिला काही कळलं नव्हतं, पण आईच्या हसण्याने तिलाही हसू फुटलं होतं, आणि दोघी ओट्याला टेकून तोंडावर हात धरून हसल्या होत्या. आता आठवलं तरी पोटात ऊब येई. घर एका खोलीचं होतं की दोन, याची तिला कधी खंत वाटली नाही. तिच्या लहानपणाला उंची होती. वर्गातल्या कुणाच्या वडिलांकडे आभाळात नेणारं चाक नव्हतं.

सुट्टीच्या दिवसांत आई डबा घेऊन बागेत जायची, आणि तिला आणि भावाला बरोबर न्यायची. जेवायची वेळ तिच्या घरात घड्याळावर नव्हतीच, ती पाळण्यावर होती. सूर्य माथ्यावर आला, ऊन कडक झालं, माणसं पांगली की वडील पाळणा थांबवायचे, एकेकाला उतरवायचे, साखळी लावायचे आणि मधल्या आसाला वंगण घालायचे. तोपर्यंत कुणी डबा उघडायचा नाही. भावाच्या पोटात कावळे ओरडायचे, तो डब्याच्या झाकणावर बोटं वाजवायचा, आई त्याच्या हातावर चापट मारायची. मग वडील हात पुसत यायचे, सगळ्यात खालच्या पाळण्याचा आडवा दांडा उचलायचे, आणि चौघं त्यात चढून बसायचे. ते आणि ती एका बाजूला, आई आणि भाऊ समोर, वजन सारखं राहावं म्हणून. गुडघ्याला गुडघे लागायचे. मधल्या फळीवर उकडलेली अंडी, पाव, मिठात घोळवलेली काकडी, आणि झाकणात ओतलेला चहा. जेवताना पाळणा जरासा हलायचा, चहा झाकणात कलायचा, आणि वर रिकामे पाळणे वाऱ्यावर कुईकुई करायचे. वंगणाचा, तापलेल्या लोखंडाचा आणि काकडीचा मिळून एक वास असायचा. तो वास तिला पुन्हा कधीच कुठे आला नाही. आज सकाळी या पार्काच्या फाटकातून आत शिरताना तिने नकळत खोल श्वास घेतला होता, आणि साबणाचा आणि तळलेल्या साखरेचा वास आल्यावर आपण काय शोधत होतो ते कळून ती मनातच ओशाळली होती. ती जुनी बाग तर केव्हाच गेली. तिथे आता गाड्या ठेवायची मजल्यांवर मजले चढवलेली इमारत आहे. एकदा कामासाठी तिकडे गेल्यावर नवऱ्याने गाडी नेमकी वरच्या मजल्यावर लावली, आणि ती कठड्यापाशी उभी राहून खाली बघत राहिली होती. उंची साधारण तेवढीच होती. पण तिथून काही दिसत नव्हतं.

"आवडलं नाही का, काका?" वेटर येऊन उभा राहिला होता. "बदलून आणू दुसरं काही?"

"नाही, नाही. छान आहे," वडील म्हणाले.

वेटरने तिच्याकडे बघितलं, तिने वेटरकडे बघितलं. तो जरा वाकून, हळूच म्हणाला, "ताई, घाई नाही करत, पण या टेबलावर पुढचं कुटुंब धरलेलं आहे. खिडकीची टेबलं फार भांडणाची असतात." आणि पाव, भाजलेले बटाटे ठेवून तो गेला. भांडणाची असतातच, ती मनाशी म्हणाली. मीसुद्धा भांडूनच घेतलंय. आणि तेवढ्यात वडिलांनी पुन्हा चमचा उचलला. ती श्वास धरून बघत राहिली. चमचा वर आला, आणि त्याच वेळी त्यांची नजर खिडकीतून वर गेली, अगदी वर, जिथे एक काचेची केबिन टोकाला पोचत होती. आणि चमचा खाली आला. पाळणा फिरला, दुसरी केबिन टोकाशी आली, त्यांनी पावाचा तुकडा मोडला, वर बघितलं, तुकडा ताटलीत ठेवला. मग मात्र तिला एकदम कळलं, आणि इतकं ठसठशीत कळलं की तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. वर माणूस असेल तोवर घास घ्यायचा नाही. ज्याने त्यांना पाळणा शिकवला त्या म्हाताऱ्याने घालून दिलेला तो नेम होता, वडिलांनी तो जन्मभर पाळला, आणि तिला तो ठाऊक होता! त्या नेमापायी तर ती लहानपणी सुट्टीत रोज उपाशी बसली होती. लोखंडाच्या दांड्यावर हात ठेवून, मान वर करून उभे असलेले वडील, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी आणून ठेवलेला, तसाच गार झालेला चहा. आणि त्या माणसाला तिने, शहाण्या बाईने, अख्ख्या पार्कातलं एकमेव असं टेबल शोधून त्यावर आणून बसवलं होतं, की जिथून एकही केबिन नजरेआड होत नव्हती.

"पडदा ओढू का, बाबा?"

"कशाला?"

"ऊन येतंय."

"येऊ दे की. पडदा नको. दिसत नसलं म्हणजे जास्तच जीव लागून राहतो," ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले. खाली चौथऱ्यावर निळ्या गणवेशातली एक मुलगी बटणांच्या पेटीपाशी उभी होती, आणि माणसं चढवताना दर वेळी केबिनचं दार हाताने ओढून बघत होती. वडील तिच्याकडेच बघत होते.

तिने इकडेतिकडे दुसरं टेबल बघितलं. एकही रिकामं नव्हतं. असू देत, ती मनाशी म्हणाली, हे जेवण बुडालं तर बुडालं, घरी तरी पाळणा नाही. आणि तिथेच ती अडखळली. घरी तर पाळणा नव्हता. घरी टेबलापुढे भिंत होती आणि भिंतीवर लेकीने काढलेली चित्रं. मग वर्षभर घरी ते कशाची वाट बघत थांबत होते? आणि आईच्या घरी का थांबत नसत? तिथे तर ते नीट जेवायचे, बाग बंद झाल्यावरसुद्धा, म्हातारपणीसुद्धा. ती माहेरी गेली की आई वाढायला घ्यायची, वडील येऊन बसायचे, आणि आई काहीतरी बोलायची आणि ते जेवायला लागायचे. काय बोलायची? ते इतक्या वेळा ऐकलेलं होतं की कानाला ऐकू येणंच बंद झालेलं होतं. घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत नाही, तसं. तिने डोळे मिटले. स्वयंपाकघर आलं, आईची पाठ आली, पदराने धरलेलं भांडं आलं, आवाज काही येईना. मग भलतंच काहीतरी आलं. आला तो दवाखाना. आईचे शेवटचे दिवस, हाताला सलाइन, डोळे अर्धे मिटलेले. आणि संध्याकाळी तिने वडिलांसाठी डबा नेलेला, तो स्टुलावर उघडून ठेवलेला, आणि वडील हात मांडीवर ठेवून बसलेले. आईने डोळे न उघडता, अगदी स्पष्ट म्हटलं होतं, "वर कोणी नाही. सगळे उतरले. जेवा." नर्सने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली होती, असं होतं, भ्रमात बोलतात. तिलाही तसंच वाटलं होतं आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन रडली होती. परत आली तेव्हा वडिलांनी डबा चाटूनपुसून संपवलेला होता. त्या वेळी तिला त्याचासुद्धा राग आला होता, की या माणसाला आत्ता, या घटकेला, जेवण जातं तरी कसं.

मग सगळंच आलं, एकामागून एक, बांध फुटल्यासारखं. कामावरून आलेले वडील, अंगाला अजून वंगणाचा वास, ताटावर बसून छताकडे बघणारे. सबंध दिवस मान वर करून उभा राहिलेला माणूस, घरी आला तरी त्याची मान खाली येत नव्हती. घास हातात धरून बसायचे. आणि आई, अजून तरुण, कडेवर भाऊ, एक दिवस वैतागून म्हणाली, "अहो, वर कोणी नाही आता. सगळे उतरले. जेवा!" वडील हसले आणि जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गमतीने भुवया उंचावून विचारलं, आईने गमतीने सांगितलं. पुढे विचारणं गेलं, गंमतही गेली, नुसतं सांगणं राहिलं. दुसऱ्या घरांतल्या बायका "बसा आता" म्हणत असतील, तसं आई ते वाढता वाढता म्हणायची, भांडणं झाली तरी म्हणायची, अबोला असला तर भिंतीकडे बघून म्हणायची, पण म्हणायची. ते ऐकल्याशिवाय त्या माणसाचा हात ताटाकडे गेलेला नव्हता; आणि वर्षभर, तिच्या घरी, रोज दोन वेळा, ते ताटावर बसून वाट बघत होते, की आता कुणीतरी म्हणेल. आणि तिने काय म्हटलं होतं? जेवा ना बाबा. का जेवत नाही बाबा? तुमच्यासाठी किती करायचं आम्ही? तिला इतकं भरून आलं की समोरचं टेबल धुरकट झालं. तिने रुमालाने नाक पुसलं, तिखट लागल्याचं नाटक केलं, आणि त्या सुपात तर तिखटाचा कणही नव्हता.

बाहेर पाळणा थांबला, केबिनचं दार उघडलं, आणि रांगेतून नवरा आणि लेक आत शिरताना तिला स्पष्ट दिसले. लेकीची पिवळी टोपी काचेला चिकटली. निळ्या मुलीने दार ओढून बघितलं आणि चाक सुरू झालं. ती टोपी जमिनीपासून सुटली आणि वर जायला लागली. थांबावं, तिला वाटलं. ते उतरेपर्यंत थांबावं आणि मग म्हणावं, म्हणजे निदान आपल्यापुरतं तरी खरं होईल. पण त्यांच्या मागे आणखी माणसं होती, त्यांच्या मागे आणखी, फाटक बंद होईपर्यंत ते चाक रिकामं होणार नव्हतं. पुढचं कुटुंब दाराशी येऊन उभं होतं. आणि वडिलांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती केवढी मोठी झाली होती.

"बाबा," ती म्हणाली. "वर कोणी नाही. सगळे उतरले. जेवा."

वडिलांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. बघत राहिले. तिला लहानपणी खोटं बोलताना व्हायचं तसं कानाशी गरम झालं, पण तिने नजर हलवली नाही. मग त्यांनी चमचा उचलला आणि सूप तोंडात घातलं. मग दुसरा चमचा. थंडगार झालेलं ते सूप, पण ते वाकून, एका लयीत, आवाज न करता पीत राहिले; मग वाडगा पावाने पुसून घेतला, बटाट्यांची ताटली पुढे ओढली, एकाचे दोन तुकडे केले. वेटर लांबून बघत होता. त्याने दाराशी उभ्या असलेल्या कुटुंबाला काहीतरी सांगितलं आणि त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. तिने आपला चमचा भरला, तोंडाशी नेला. पिवळी टोपी टोकाला पोचली होती. आणि तिथेच चाक थांबलं. खाली कुणीतरी म्हातारी बाई चढत होती, तिला वेळ लागत होता, बाकी काही नव्हतं, हे तिला दिसत होतं. पण केबिन तिथे, आभाळाला टेकून, हलत होती, आणि आत तिचा वेंधळा नवरा आणि तिची लेक, जी घरी पलंगावरून पडते. लेक हात करत असणार. चमचा तिच्या ओठांपासून खाली आला. तिने हात मांडीवर ठेवले आणि मान वर करून बसली.

"तू का थांबलीस?" वडिलांनी विचारलं.

"जेवते ना."

बटाट्याचा शेवटचा तुकडा खाऊन, बोटं रुमालाला पुसून म्हणाले, "टोपी पिवळी आहे ना तिची?"

"तुम्हाला दिसत होती?"

"डोळे शाबूत आहेत अजून." मग खिडकीकडेच बघत, जणू त्या चाकालाच सांगावं तसं म्हणाले, "तुझी आई घरात उभी राहून सांगायची, सगळे उतरले. तिला काय दिसत होतं तिथून? मला ठाऊक होतं गं. कुणीतरी म्हणावं लागतं, एवढंच."

त्यांनी ताटली बाजूला सारली. खुर्ची उचलून खिडकीच्या अगदी समोर फिरवली, तिचा वाडगा तिच्याकडे सरकवला आणि एक हात टेबलाच्या कडेवर ठेवून ताठ बसले.

"जेव तू," ते म्हणाले. "मी बघतो वर."

तिने मान खाली घातली आणि जेवायला लागली.